अहो – कांदे

डोंबिवली पूर्वेला एक सोसायटी आहे. तीन विंग, तळमजला धरून सात मजले, मजल्यावर चार दारं. तिथे चौऱ्याऐंशी आकडे राहतात.

'ए-१०२नं चपलांचं कपाट पुन्हा पॅसेजमध्ये आणलं.' 'सी-३०३चे नळ मोजले का?' 'बी-६०४च्या बाथरूमचं पाणी बी-५०४च्या देवघरात उतरलं.' अशी तिथली बोली. शेवटच्या वाक्यातले खालचे, म्हणजे ज्यांच्या देवांना बारा महिने परस्पर अभिषेक घडतो ते बी-५०४, हे या हकिगतीचे नायक. मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त. त्यांना नाव आहे, आधार कार्डावर ते छापलेलंही आहे. पण एकोणीस वर्षांत सोसायटीत त्या नावानं त्यांना एकदाच हाक आली. ती मारली सिलिंडरवाल्यानं, आणि तीही पावती वाचून. घरात तर प्रश्नच नाही. घरात ते 'अहो' आहेत.

देवघरातल्या गळतीबद्दल त्यांनी कमिटीला रीतसर पत्र दिलं. कमिटीनं रीतसर कळवलं की गच्चीतून गळलं तर सोसायटी बघेल, एका फ्लॅटमधून दुसऱ्यात गळलं तर दोघांनी आपसात मिटवावं, उपविधी बघा. तेव्हापासून चार वर्षं बी-५०४ आणि बी-६०४ आपसात मिटवतायत. पत्रानं. पत्रं वॉचमन नेतो. दोघे रोज सकाळी एकाच लिफ्टमधून दूध आणायला उतरतात आणि दारावर बदलणाऱ्या लाल आकड्यांकडे असे टक लावून बघतात, जणू आज पाचानंतर चार येणार नाही.

तशी एकत्र येण्याची सोय कायद्यानं केलेली आहे. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावीच लागते. चौदा दिवस आधी नोटीस. कोरम दोन तृतीयांश सभासदांचा किंवा वीस जणांचा, जो आकडा कमी असेल तो. दहाच्या सभेला दहा वाजता सहा जण असतात. त्यातले तिघे कमिटीचे, दोघे टँकर कधी येणार हे विचारायला आलेले आणि एक जण चुकून खाली उतरलेला. मग सभा अर्ध्या तासासाठी तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही असं उपविधीतच म्हटलेलं आहे. ज्यानं हे कलम लिहिलं त्याचं स्वतःचं घर नक्की फ्लॅटमध्ये असणार. साडेदहाला मंडळी उतरू लागतात, कारण पावणेअकराला खोकी येतात. खोक्यात एक समोसा, वेफर्सची पुडी, एक पेढा. खोकं घेतलं की माणूस लिफ्टकडे वळतो. सोसायटीतलं सामूहिक जीवन ते एवढं: एकत्र घ्यायचं आणि आपापल्या घरी नेऊन खायचं.

लिफ्टवरून आठवलं. आदर्श उपविधीप्रमाणे लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्यांवर सारखा बसतो, कोणी ती वापरो न वापरो. त्यामुळे दर सभेला ए-००१ उभे राहतात. "मी लिफ्टमध्ये एकदाच बसलो. २०११ साली, ए-६०२कडे बारशाला. आजवर भरलेले पैसे बघता ते बारसं मला पाळण्यासकट पडलं." पाण्याचा आकार मात्र नळांच्या संख्येवर आणि आकारावर. म्हणून सी-३०३नं मोजणीच्या आदल्या दिवशी दोन नळ काढून भोकांना बुचं मारली. पुढे एक बूच रात्री दोनला उडालं आणि सी-२०३ला कळलं की वरच्या मजल्यावर आपलेही शेजारी आहेत.

एवढं सगळं 'सहकारी' या शब्दाखाली चालतं ही यातली खरी गंमत. मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत मंडळींची सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली, तेव्हा त्यात पुढाकार घेणारे श्रीपाद सुब्राव तालमकी यांना तो शब्द मनापासून अभिप्रेत होता. भारतातल्या सहकारी घरबांधणीचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतात. पुढे १९६०चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा आला. १९७०चा अपार्टमेंट ओनरशिप कायदाही आला, म्हणजे फ्लॅट आपला आणि जिना, गच्ची, जमीन यांत अविभाज्य हिस्सा. यालाच कॉन्डोमिनियम म्हणतात. मूळ लॅटिन, अर्थ 'सामाईक मालकी'. सामाईक भिंत, सामाईक टाकी, सामाईक वॉचमन. सामाईक नसतं ते फक्त जेवण.

तर अशा बी-५०४ना मुलीचा फोन आला. ती डेन्मार्कला नोकरी करते. "बाबा, तुम्ही आणि आई तीन महिने या. मी आता बोफेलेसस्काबमध्ये राहते."

"कशात?"

"बोफेलेसस्काब. बो म्हणजे राहणं, फेलेसस्काब म्हणजे एकत्र असणं. इंग्रजीत को-हाउसिंग."

बाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं, "काय म्हणतेय?" बी-५०४ म्हणाले, "बोफोर्समध्ये राहते." बाईंचा चेहरा उतरला. आता वर्तमानपत्रवाले येणार असं त्यांना वाटलं.

मुलीनं मग इतिहासच पाठवला. सवय म्हणून बी-५०४नी तो फाईलसारखा वाचला, समासात खुणा केल्या. मूळ प्रस्ताव १९६४चा. यान गुडमन-हॉयर नावाचे वास्तुविशारद आणि त्यांचे मित्र यांनी कोपनहेगनजवळ हारेस्कोव्हला जागा घेतली. कल्पना अशी की प्रत्येकाचं घर वेगळं, मध्ये एक सामाईक घर, आणि लोकांनी रोज एकमेकांना भेटावं. सरकारी खात्यांची ना नव्हती. मग अडलं कुठे? शेजाऱ्यांपाशी. एवढी कुटुंबं आली की पोरं येणार, पोरं आली की गोंगाट होणार, म्हणून आजूबाजूच्यांनी विरोध केला आणि बेत बारगळला. शेजारधर्माचा जगातला पहिला नमुनेदार प्रकल्प शेजाऱ्यांनीच पाडला, हे वाचून बी-५०४ना डेन्मार्कविषयी एकदम आपुलकी वाटली. त्यांनी समासात लिहिलं, 'आपल्यासारखेच. जाण्यास हरकत नाही.'

पुढची नोंद १९६७ची. बोडिल ग्रॉ या लेखिकेनं 'पोलिटिकेन' वर्तमानपत्रात लेख लिहिला, त्याचं शीर्षक 'मुलांना शंभर आईबाप हवेत'. बाईंना हे वाचून दाखवताच त्या म्हणाल्या, "एकांनाच आवरताना जीव जातो." पण तिकडे त्या लेखावर कुटुंबंच्या कुटुंबं उत्सुकतेनं पुढे आली. वर्षभरानं गुडमन-हॉयर यांचाही लेख छापून आला आणि दोन्हीकडची मंडळी एकत्र झाली. १९७२ साली हिलेरॉडजवळ सेटेडामेन ही पहिली वसाहत उभी राहिली, सत्तावीस कुटुंबांची. पुढच्या वर्षी स्क्रोप्लानेट, तेहतीस घरांची. पहिल्या बैठकीपासून गृहप्रवेशापर्यंत आठ-नऊ वर्षं. "आपल्या बिल्डरनं सात लावली," बी-५०४ म्हणाले, "म्हणजे तेही अगदीच मागे नाहीत."

तीन महिन्यांचा व्हिसा, चार किलो गोडा मसाला आणि दोन किलो चिवडा घेऊन जोडपं उतरलं. पहिला धक्का फाटकावरच. गाड्या वसाहतीच्या कडेला ठेवायच्या, आत फक्त पायवाट. म्हणजे शंभर पावलं बॅगा ओढत. वाटेत अकरा जणांनी 'हाय' केलं, तिघांनी बॅगा धरल्या. पार्किंग कडेला ठेवतात ते याचसाठी, मुलगी म्हणाली. गाडीतून थेट घरात शिरलं की कोणी कोणाला भेटत नाही. बी-५०४ना आपल्याकडचं स्टिल्ट पार्किंग आठवलं. तिथेही माणसं भेटतात. 'तुमची गाडी सहा इंच आत आहे' एवढं सांगण्यापुरती.

दुसरा धक्का खिडकीचा. स्वयंपाकघराचं सिंक बरोबर पायवाटेकडे तोंड करून. को-हाउसिंगवाले वास्तुविशारद हे मुद्दाम करतात: भांडी घासताना बाहेर पोरं दिसावीत, येणारा-जाणारा दिसावा, वाटल्यास हात हलवावा. डोंबिवलीत याच गोष्टीसाठी दाराला भिंग बसवतात, फरक इतकाच की भिंगातून बघितल्यावर घरात नसल्यासारखं गप्प राहता येतं.

तिसरा प्रकार नावाचा. तिथे आडनाव नाही, साहेब नाही, घराचा नंबर नाही. न्यायाधीश असो की न्हावी, पहिल्या नावानं हाक. आता बी-५०४चं पहिलं नाव विचारायचं कोणाला? दिवसभर त्यांच्यासोबत असणारी व्यक्ती त्यांना कोणत्या नावानं बोलावते, हे त्या मंडळींनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तिसऱ्या दिवशी सामाईक घरातल्या फळ्यावर, येत्या बुधवारच्या स्वयंपाकाच्या रकान्यात, खडूनं लिहिलेलं होतं: 'अहो – कांदे'.

मुलगी हसून लोळली. पण तोवर पाच वर्षांचं एक सोनेरी केसांचं पोर सायकलवरून "अहोऽ!" अशी आरोळी ठोकून गेलं होतं. छत्तीस वर्षं ज्या हाकेवर एकाच बाईचा हक्क होता, त्या हाकेनं आता पंचवीस घरं त्यांना बोलावू लागली. बाई दोन दिवस घुश्शात होत्या.

आता स्वयंपाकाचं. तिथे प्रत्येक घराला आपलं स्वयंपाकघर असतंच. हा काही कम्यून नाही, पगार एकत्र करत नाहीत, नवरे-बायकाही आपापलेच. घरं थोडी लहान बांधतात आणि त्या बदल्यात एक मोठं सामाईक घर उभं करतात. तिथे आठवड्यातून काही दिवस संध्याकाळी सगळ्यांची पंगत. प्रत्येक मोठ्या माणसाची महिन्यातून एकदा-दोनदा रांधायची पाळी. उरलेले दिवस आयतं पान. हा हिशेब ऐकताच बाईंचा घुस्सा गेला. "महिन्यातून एकदा? आणि बाकीचे दिवस कोणीतरी दुसरं करणार? आणि हे कायदेशीर आहे?"

बुधवारी मुलीची पाळी होती. यादीत अठ्ठेचाळीस नावं. नावांपुढे रकाने: शाकाहारी, गव्हाचं नको, दुधाचं नको, एकानं हातानं वाढवलेला रकाना 'कोथिंबीर नको'. सोमवारपर्यंत नाव लिहायचं, नंतर नाही.

"आणि कोणी न सांगता आलं तर?" बाईंनी विचारलं.

"येत नाहीत, आई."

"न सांगता येत नाहीत? मग शेजारी कसले ते?"

बेत ठरला मसालेभात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर आणि वरण. बाईंनी आयुष्यात वीस पानांपलीकडे कधी मजल मारलेली नव्हती. अठ्ठेचाळीस म्हटल्यावर त्यांच्यातली वधूमाय जागी झाली आणि त्यांनी शंभराचा अंदाज धरला, कारण अन्न कमी पडलं तर तोंड दाखवायला जागा नाही, आणि इथे तर सिंक खिडकीतच. बी-५०४ना दोन किलो कांदे आणि एक सुरी देण्यात आली. पस्तीस वर्षांच्या सेवेत त्यांनी कांद्याची भाववाढ या विषयावर दोन टिपण्या लिहिल्या होत्या. कांदा आतून कसा असतो हे पहिल्यांदाच कळत होतं. चौथ्या कांद्याला डोळे गेले. दहाव्याला अंगठा. शेजारी एक उंच, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ मुकाट्यानं बटाटे सोलत होते. त्यांनी पट्टी आणून दिली, अंगठा बांधला आणि उरलेले कांदेही चिरून टाकले. नंतर कळलं, ते निवृत्त न्यायाधीश. बी-५०४ ताडकन उभे राहिले. मंत्रालयातल्या माणसाला न्यायाधीशांपुढे बसवतच नाही. न्यायाधीशांनी त्यांना भांड्यांकडे जायचं आहे असं समजून घासणी हातात दिली.

जेवण बरोबर सहाला. सहा! आपल्याकडे ही चहाची वेळ. बाहेर लख्ख ऊन, रात्री दहापर्यंत उजेड, आणि लोक गंभीरपणे रात्रीचं जेवतायत. मसालेभाताचा पहिला घास गेला आणि पंगत तांबूस झाली. कोणी काही बोललं नाही. काहींनी पाणी घेतलं, काहींनी पुन्हा भात घेतला. 'कोथिंबीर नको'वाल्यानं तीनदा घेतला. त्याच्या वाट्याची कोथिंबीर न्यायाधीशांनी वेचली होती. मग ताटं उचलताना एकेक जण बाईंसमोर येऊन हसून म्हणू लागला, "ताक फो मॅ."

बाईंचा चेहरा पडला. "अगंबाई! ताक राहिलंच."

मुलगी पलीकडे भांडी लावत होती, तिला ऐकू गेलं नाही. आणि खरंच, मसालेभातानंतर माणसानं ताक मागू नये तर काय मागावं? बाईंना त्या लोकांबद्दल एकदम जवळीक वाटली. अठ्ठेचाळीस जण ताक मागून गेले. पुढच्या पाळीला त्यांनी दुकानातून आठ लिटर ताक आणलं, तेही तिथे चांगलं मिळतं, आलं-मीठ-जिरं लावून भांडं मध्यभागी ठेवलं आणि दमदार आवाजात म्हणाल्या, "ताक!" अख्ख्या सभागृहानं उलट म्हटलं, "ताक!" डॅनिशमध्ये 'ताक' म्हणजे 'धन्यवाद', हे मुलीनं त्या रात्री समजावून सांगितलं. बाई म्हणाल्या, "असेना. प्यायले ना?"

उरलेल्या बावन्न जणांच्या भाताचं काय झालं? तो गोठवून ठेवला गेला, डब्यावर चिठ्ठी लावून: 'अहोचा भात. जपून.'

इथवर वाचून कोणाला वाटेल, डेन्मार्कात देवमाणसं राहतात. बी-५०४नाही पहिले काही आठवडे असंच वाटत होतं आणि त्यामुळे त्यांना जरा उदासही वाटायला लागलं होतं. मग वसाहतीची सभा आली. विषय एकच: सामाईक घरातलं कपडे वाळवायचं यंत्र बदलायचं का. चर्चा पावणेतीन तास. एक बाई म्हणाल्या, यंत्राची जाळी कोणीच साफ करत नाही. एक गृहस्थ म्हणाले, 'कोणीच' म्हणजे कोण? एका जोडप्याला यंत्रच नको होतं, दोरी हवी होती. एकीनं मागच्या वर्षीच्या कोंबड्यांचा विषय काढला आणि सगळे एकदम छताकडे बघू लागले. बी-५०४ना एक शब्द कळत नव्हता आणि तरी सगळं कळत होतं. त्यांनी बाईंच्या कानात सांगितलं, "ते निळे स्वेटरवाले म्हणजे आपले ए-००१. बघच, आता पैशांवर येतील." निळे स्वेटरवाले पैशांवर आले.

सामूहिक श्रमदानाच्या शनिवारीही तेच. सगळे गवत काढतात, गटारं साफ करतात, कुंपण रंगवतात. आणि एका गृहस्थांची पाठ नेमकी त्या शनिवारी धरते. रविवारी ते पोहायला जातात. बी-५०४नी त्यांना मनातल्या मनात सी विंगमध्ये एक फ्लॅट देऊन टाकला.

एकच गोष्ट वेगळी. तिथे मतदान घेतलंच नाही. बहुतेक अशा वसाहती सर्वसंमतीनं चालतात. एकानं जरी ठाम 'नाही' म्हटलं तरी विषय अडतो. बी-५०४ न्यायाधीशांना अभिमानानं म्हणाले, "आमच्याकडे बहुमतानं होतं."

"मग अल्पमतातले काय करतात?"

"उपनिबंधकांकडे जातात."

न्यायाधीशांनी दाढीवरून हात फिरवला. इथे तशी सोय नाही, म्हणाले. इथे उद्या संध्याकाळी सहाला त्याच माणसासमोर बसून बटाटे खायचे असतात. म्हणून सभेत आवाज जरा बेतानंच चढवावा लागतो. वाळवणीच्या यंत्राचा निर्णय त्या दिवशी लागला नाहीच. दोरीही लागली नाही. मग केक आला.

परतताना बाई पायवाटेवर म्हणाल्या, "आपल्या चाळीत असंच होतं, नाही?" त्यावर बी-५०४ थांबले. त्यांचं बालपण नायगावच्या बीडीडी चाळीत गेलेलं. एकशे साठ चौरस फुटांत आठ माणसं. "असंच? इथे कोणाच्या हातात टमरेल दिसलं तुला?" चाळीच्या एकोप्याच्या गोष्टी सांगणाऱ्यांना ते नेहमी विचारतात, सकाळी साडेपाचला रांगेत तुमचा नंबर कितवा असायचा. तिथे माणसं एकत्र होती कारण नळ एकच होता. त्यांच्या वडिलांनी उभा जन्म पै-पै साठवली ती एका दारासाठी, जे आतून बंद करता येईल आणि ज्याच्या आत स्वतःचा संडास असेल. आता त्या चाळींचे मनोरे होतायत, एकशे साठाच्या जागी पाचशे चौरस फूट. वरळीतल्या पहिल्या चाव्या २०२५च्या ऑगस्टमध्ये मिळाल्या. तिथे राहायला गेलेल्या चुलतभावाला बी-५०४नी फोन केला होता. तो खूश होता. फक्त म्हणाला, "दार लावलं की काही ऐकूच येत नाही रे. झोप लागत नाही. काल रात्री उगाच दार उघडून बसलो, तर समोरच्यांनी विचारलं, काही हवंय का? मी म्हटलं, नाही. मग दोघांनीही दार लावून घेतलं."

अमेरिकेत को-हाउसिंगचं हे खूळ पोहोचवलं कॅथरिन मॅकॅमंट आणि चार्ल्स ड्युरेट या वास्तुविशारद जोडप्यानं. डेन्मार्कात हिंडून त्यांनी १९८८ साली पुस्तक काढलं, 'को-हाउसिंग' हा इंग्रजी शब्दही त्यांचाच. १९९१ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस गावात म्युअर कॉमन्स ही तिथली पहिली नवी बांधलेली वसाहत झाली, सव्वीस घरांची. हे सांगता सांगता मुलगी म्हणाली, की तिकडच्या बहुतेक को-हाउसिंगची नोंदणी कायद्यानं कॉन्डोमिनियम म्हणूनच झालेली असते.

बी-५०४ उठून बसले. "म्हणजे कागद तोच?"

"तोच."

"अविभाज्य हिस्सा, देखभाल शुल्क, सगळं?"

"सगळं."

"मग फरक काय?"

मुलीनं घड्याळात बघितलं. "बाबा, पाच वाजले. आज भांडी तुमच्याकडे आहेत."

नव्वद दिवस संपले. निघताना वसाहतीनं एक एप्रन भेट दिला, छातीवर रोमन लिपीत 'अहो'. तो घालून बी-५०४ सप्टेंबरात डोंबिवलीच्या वार्षिक सभेला उतरले नाहीत हे बाईंचं नशीब; पण विषयपत्रिकेत एक विषय मात्र त्यांनी आधीच लेखी घालून ठेवला होता. विषय क्रमांक अकरा: महिन्यातून एकदा गच्चीवर अंगतपंगत.

सभा दहाला सुरू झाली, तहकूब झाली, साडेदहाला पुन्हा सुरू झाली. विषय अकरा आला तेव्हा खोकीही आलेली होती.

"गच्चीची किल्ली कोणाकडे राहणार?" हा पहिला प्रश्न. गच्चीच्या किल्लीवरून या सोसायटीत दोन सेक्रेटरी पडलेले आहेत.

"खर्च कसा वाटायचा? माणशी, फ्लॅटमागे, की चौरस फुटाप्रमाणे?" चौरस फुटाप्रमाणे म्हणणारे वन बीएचकेतले होते.

"भाडेकरू जेवणार का?" नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर घेता येत नाहीत, असं कोणीतरी वाचून दाखवलं. त्यावरून दहा टक्के जेवण म्हणजे किती, एक पोळी की अर्धी, यावर पाच मिनिटं गेली.

"सिंकिंग फंडातून करता येईल का?"

"तो इमारतीसाठी आहे."

"इमारतीतलीच माणसं जेवणार ना?"

"कांदा-लसूण?" सी विंगमधून आवाज आला. "आणि मासे?" बी विंगमधून. दोन्ही आवाजांनी एकमेकांकडे बघितलं आणि सभा क्षणभर खरोखरीच गंभीर झाली.

मग ए-००१ उठले. "पातेली गच्चीवर लिफ्टनं जाणार. पातेल्यांचा लिफ्टखर्च जे जेवतील त्यांनीच भरावा. मी खालूनच जेवीन."

बी-५०४नी समजावून सांगितलं की केटरर नको, आपणच करायचं, पाळीपाळीनं, कांदे मी चिरीन. यावर सभेत पहिल्यांदाच पूर्ण शांतता पसरली. माणसाला बरं नसताना पसरते तशी. चेअरमन कनवाळूपणे म्हणाले, "प्रवासाचा थकवा असतो. तीन केटरर्सची कोटेशन मागवू." ठराव झाला, सूचक-अनुमोदक मिळाले, विषय पुढच्या सभेवर गेला. बी-६०४ संपूर्ण वेळ आपल्या खोक्यावरची दोरी सोडवत होते.

जिन्याखाली ए-१०२नी गाठलं. आजूबाजूला बघून हळूच म्हणाले, "रविवारी या ना दोघं. दुपारी. आमच्याकडे वालाचं बिरडं आहे. एखादा पदार्थ घेऊन या वाटल्यास. फक्त ग्रुपवर टाकू नका."

"नाही, नाही."

"नाहीतर ए-००१ काढतील लिफ्टचं."

रविवारी बाईंनी स्टीलच्या बरणीत ताक घेतलं, आलं-जिरं लावून. बी-५०४नी कांद्याची कोशिंबीर केली होती. दोन कांद्यांना एक पट्टी, म्हणजे प्रगती होती. लिफ्टचं दार उघडलं तर आत बी-६०४, सपत्नीक. त्यांच्या हातात फडक्यानं बांधलेलं पातेलं. कोणी काही बोललं नाही. चौघांनीही वरच्या लाल आकड्यांकडे नजर लावली. चार. तीन. दोन. एक. तळमजल्यावर लिफ्ट थांबली आणि चौघेही उतरले. तिथून आठ पावलं चाललं की ए विंगचा जिना. तीही चौघे एकामागोमाग चालले आणि जिना चढले. पॅसेजमध्ये चपलांचं ते वादग्रस्त कपाट होतं. बी-५०४ना पहिल्यांदाच ते सोयीचं वाटलं. त्यांनी आपल्या चपला खालच्या खणात ठेवल्या, बी-६०४नी वरच्या.

"गळतंय का अजून?" बी-६०४नी कपाटाकडे बघत विचारलं.

"श्रावणात जरा जास्त."

"हं."

आता यजमानांना हाक काय मारायची, हा प्रश्न होता. एकोणीस वर्षं झाली, आता नाव विचारणं बरं दिसलं नसतं. पण दारावर पाटी असणारच, या भरवशावर बी-५०४ निर्धास्त होते. त्यांनी चष्मा सारखा केला आणि वाकून वाचलं. पितळी, सुबक, घासूनपुसून लखलखीत पाटी होती. तिच्यावर कोरलेलं होतं: 'ए-१०२'.

त्यांनी मागे वळून बी-६०४कडे बघितलं. बी-६०४ही तीच पाटी वाचत होते.

"अहो," बाई म्हणाल्या, "बेल वाजवा. ताक हिंदकळतंय."

दोघांचेही हात एकदम पुढे झाले.